चन्नप्पा मास्तरांची शेगडी

चन्नप्पा मास्तरांच्या कोटाच्या वरच्या खिशात पेन कधीच नसे. तिथं थर्मामीटर असे. वीतभर लांब, काचेचा, कासीमभाई पत्रेवाल्यांकडून मुद्दाम करून घेतलेल्या पत्र्याच्या नळीत जपून ठेवलेला. सही करायची वेळ आली की मास्तर शेजाऱ्याचं पेन मागत, पण चहा पुढं आला की थर्मामीटर मात्र स्वतःचा काढीत. "एकशे अठ्ठेचाळीस फॅरनहाइट," असं पुटपुटून कप बाजूला सारीत आणि पारा एकशेवीसवर उतरला की एका दमात पिऊन टाकीत. मी मराठी शिकवायला त्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी त्यांनी न विचारताच तो माझ्या कपात बुडवला होता. "थांबा पंतोजी, जीभ भाजेल," म्हणाले. मला भयंकर राग आला होता. पुढं सात-आठ वर्षं आम्ही एकाच टेबलाशी बसलो आणि 'पंतोजी' हे नाव मला कायमचं चिकटलं.

उंच, काटकुळे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोक्याला रुमाल, आणि कोट असा की त्याचा मूळ रंग कोणता यावर शिक्षकांच्या खोलीत दोन तट होते. घरी कानडी, बाजारात मराठी, कासीमभाईंशी दखनी आणि वर्गात सायन्सचं इंग्रजी, अशा चार भाषा ते बोलत आणि चारींच्या शेवटी 'की' लावीत. मुलं त्यांना 'पारा' म्हणत, हेही त्यांना ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर 'पारा चढला' असं लिहून ठेवलं. मास्तरांनी ते वाचलं, थर्मामीटर काढला, काखेत धरला. दोन मिनिटं वर्गात चिडीचूप. मग उजेडाकडं धरून बघितला आणि म्हणाले, "अठ्ठ्याण्णवच्या खालीच आहे की. लिहिणाऱ्यानं मोजल्याशिवाय लिहू नये." आणि उष्णतेचा धडा सुरू केला.

सबंध शाळेला पाठ असलेलं त्यांचं एक वाक्य होतं: "एक रात्र जाऊ द्या की." कुठल्याही गोष्टीचा निर्णय मास्तर त्याच दिवशी घेत नसत. त्यांचं म्हणणं असं की दिवसा सगळ्याच वस्तू शहाण्यासारख्या वागतात, वस्तूचा स्वभाव रात्रीत कळतो. त्यामुळं कंदील घ्यायचा तर तो दुकानातून मागून आणायचा, रात्रभर जळत ठेवायचा आणि सकाळी काजळी बघून हो-नाही सांगायचं. चप्पल घ्यायची तर ती पायांत घालून झोपायचं. बाजारातले दुकानदार त्यांना लांबून येताना बघितलं की पोराला गल्ल्यावर बसवून आत पाणी प्यायला जात.

लग्नाचंही तसंच झालं. ही हकीगत ते स्वतःच सांगत, आणि सांगताना त्यांना इतकं हसू येई की रुमाल सावरावा लागे. वैरागला मुलगी बघायला गेले होते. मुलगी पसंत पडली. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग काय, मास्तर?" हे म्हणाले, "एक रात्र जाऊ द्या की." वडील होते भुसारातले व्यापारी. वैरागच्या पेठेत सौदा करून मोकळं व्हायची सवय. मास्तर सकाळी आंघोळ करून, भस्म लावून, होकार द्यायला गेले तेव्हा दारात दुसरीच मंडळी बसलेली आणि गूळ वाटणं चाललेलं. "मलाही दिला की हो!" मास्तर सांगत. "खाल्ला. चांगला होता." त्यानंतर त्यांनी पुन्हा मुलगी बघितली नाही. त्याचं दुःख त्यांना किती होतं ते मी कधी विचारलं नाही, पण गूळ चांगला होता हे ते दर वेळी आवर्जून सांगत.

मास्तर राहत ते घरही असंच एका रात्रीपुरतं होतं. प्लेगच्या साथीत लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायला गेले, त्यात मास्तरही गेले. गिरण्यांची यंत्रं ज्या मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून विलायतेहून यायची, त्यांच्या फळ्या मिळवून त्यांनी दहा बाय बाराची एक केबिन ठोकली. साथ ओसरली, लोक गावात परतले, मास्तर तिथंच राहिले. एका भिंतीतल्या फळीवर 'ही बाजू वर' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि त्याखालचा बाण जमिनीकडं होता. फळी उलटी बसली होती. मास्तर म्हणायचे, "राहू द्या. मुलांना दाखवायला बरी. छापलेलं सगळंच खरं नसतं की."

उन्हाळ्यात ही केबिन तापायची आणि हिवाळ्यात गार पडायची. सोलापूरला कसली थंडी, असं पुण्याकडची माणसं म्हणतात. त्यांनी पौषात आमच्या माळावर एक रात्र काढावी. अडवायला झाड नाही, टेकडी नाही. वारा जो सुटतो तो फळ्यांच्या फटींतून सरळ अंथरुणात येतो. मास्तरांना स्वतःला त्याचं काही वाटत नसे. घोंगडी पांघरायचे, पहाटे उठून आकडा वहीत लिहायचे. पण अव्वांना ती थंडी बाधायला लागली आणि मग सगळं सुरू झालं.

अव्वा म्हणजे त्यांची आई. अक्कलकोटच्या अलीकडं, स्टेशनापासून दोन कोसांवरच्या खेड्यात एकट्या राहायच्या. मास्तर तान्हे असतानाच वडील गेले. अव्वांनी लोकांची शेरडं राखली, खुरपायला गेल्या आणि मुलाला मॅट्रिकपर्यंत नेलं. आता सत्तरी उलटली होती. एका डोळ्यानं नुसता उजेड कळायचा आणि दुसऱ्यानं तोही अर्धामुर्धा. त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि घराबाहेर कुणाला कळायच्या आत अर्धा दिवस तशाच पडून राहिल्या. गावातून पत्र आलं तेव्हा मास्तरांनी ते मला वाचायला दिलं. त्या दिवशीचा चहा तसाच निवून गेला.

"हा हिवाळा अव्वा माझ्याकडं राहिली तर राहिली," ते म्हणाले. "नाहीतर पंतोजी, मी राजीनामा देऊन गावाला जाणार."

"तिथं जाऊन काय करणार तुम्ही? तिथं तर तिसरीपुढं शाळाही नाही."

"शेरडं राखीन की," मास्तर म्हणाले. हसले नाहीत. ती काचेची कपाटं, ते प्रयोगाचं टेबल, ते आठवीतलं पोरांचं टोळकं सोडून हा माणूस गेला तर त्याचं काय होईल, हे मला कळत होतं आणि त्यालाही.

दिवाळीनंतर अव्वा आल्या. ठेंगणी, काळीसावळी, हिरव्या लुगड्यातली बाई. तीन दिवस मजेत होत्या. माझ्या बायकोला बोलावून घेऊन ज्वारीच्या कडक भाकरी कशा करायच्या ते शिकवलं, आणि हिचा हात मऊ आहे, हिला जमायचं नाही, असंही सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी बोचकं बांधून दारात बसल्या.

"काय झालं, अव्वा?" मास्तरांनी विचारलं.

"हितं लई थंडी हाय, यप्पा. मला सोसवंना. जाते मी माझ्या घराला." 'यप्पा' म्हणजे कानडीत 'बाबा रे'.

मंगळवारच्या बाजाराला आलेल्या गावकऱ्यांबरोबर त्या परत गेल्या. मास्तरांनी वही काढून मला आकडा दाखवला. "पहाटे चोपन्न. बरोबर आहे तिचं. चोपन्नात म्हातारं माणूस कसं राहील?" थंडी ही मोजता येणारी गोष्ट होती आणि मोजता येणाऱ्या गोष्टीवर उपाय असतो. त्यांचा चेहरा एकदम उजळला. रात्रभर केबिन ऊबदार ठेवील अशी शेगडी शोधायची!

पहिली आली ती साधी कोळशाची लोखंडी शेगडी. मास्तरांनी फळ्यांच्या सगळ्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, खिडकीला गोणपाट ठोकलं, अव्वांना पुन्हा बोलावून घेतलं आणि साक्षीदार म्हणून मला झोपायला नेलं. काय ऊब होती! मी स्वतःच्या घरात कधी इतक्या सुखानं झोपलो नव्हतो. मध्यरात्री अव्वांनी आम्हा दोघांना पायानं ढकलून उठवलं. दार सताड उघडं होतं, गार वारा आत येत होता आणि माझं डोकं ठणकत होतं. अव्वांचा जीव घुसमटला म्हणून त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडलं, नाहीतर ही हकीगत लिहायला मी उरलो नसतो. मास्तर भिंत धरून बाहेर गेले, ओकले, परत येऊन वहीत लिहिलं. सकाळी मी वाचलं. 'उष्णता उत्तम. माणसं मरतात.'

"कोंडलेल्या खोलीत कोळसा न्हाई ठेवत्यात," अव्वा म्हणाल्या. "माझ्या शेळ्यांना बी कळतंय."

त्याही खेपेला चौथ्या दिवशी त्या गेल्या. थंडी.

मग मास्तरांनी अव्वांना पुन्हा आणलं आणि त्यासाठी आमचा बंब नेला. तांब्याचा, आंघोळीच्या पाण्याचा, माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेला. मास्तरांचा हिशेब असा की मधल्या नळीत ढलप्या पेटवल्या की भोवतीचं पाणी तापेल, विस्तव गेला तरी गरम पाणी सकाळपर्यंत ऊब देईल आणि धूर वर लावलेल्या नळीतून बाहेर जाईल. आमच्या घरी चार दिवस गार पाण्यानं आंघोळी झाल्या आणि बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. बंबानं रात्री एकपर्यंत साथ दिली, पुढं तो गार पडला. अव्वांना तो फार आवडला, पण आंघोळीसाठी. आल्यापासून चौथ्या दिवशी कढत पाण्यानं आंघोळ करून, केस विंचरून, त्यांनी बोचकं बांधलं.

"थंडी हाय, यप्पा."

डिसेंबर संपला. मास्तर काळवंडले. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचे. अशात एका गिरणीतला इंजिनियर साहेब मायदेशी परत चालला. त्याच्या बंगल्यात लाकडावर चालणाऱ्या दोन बिडाच्या शेगड्या होत्या. त्यानं हौसेनं आणलेल्या आणि सोलापुरात एकदाही न पेटवलेल्या. थोरलीत त्याच्या मडमेनं फुलझाड लावलं होतं. साहेबाच्या दारात मास्तर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी इंग्रजीत सांगितलं की दोन्ही शेगड्या एकेक रात्र घरी नेऊन बघतो, मग सांगतो. साहेबानं बरोबर आलेल्या कासीमभाईंना विचारलं, हा माणूस शुद्धीवर आहे काय? कासीमभाई म्हणाले, "साब, इनो रातभर देखे बगैर कुछ बी नै लेते."

ती थोरली शेगडी बैलगाडीतून आली. कासीमभाईंनी नळ्या जोडल्या. फळीची भिंत पेटू नये म्हणून भोक मोठं पाडून त्यात कुंभाराची मातीची नळी बसवली आणि तिच्या आतून पत्र्याची नळी बाहेर काढली. रात्री नऊला मास्तरांनी ती भरून पेटवली. साडेनऊला मी कोट काढला. दहाला मास्तरांनी रुमाल काढला. त्यांचं टक्कल मी त्या रात्री पहिल्यांदा बघितलं. थर्मामीटर शंभरावर गेला. आम्ही दोघं दार उघडून माळावर जाऊन बसलो. मग मास्तरांनी तिची हवा बंद केली तर ती धुमसायला लागली. पहाटे तीनला ती विझली होती, केबिन धुरानं भरली होती आणि पारा चोपन्नावर परत आला होता.

"दहा बाय बाराच्या खोलीत मोठी शेगडी म्हणजे मोठी चूक," मास्तरांनी निकाल दिला. "मोकळी जळू दिली तर भाजते, दाबली तर घुसमटते. खोलीच्या मापाची पाहिजे."

धाकटी गुडघ्याएवढी होती. तिच्याबरोबर मास्तर एक नव्हे, अकरा रात्री झोपले. अकरा रात्री वेगवेगळी लाकडं. तुराट्या भडकल्या आणि तासात गेल्या. कडुलिंबाचा धूर झाला. चिंचेचे निखारे छान पडले. ओली बाभूळ नुसती रडत राहिली, पण दोन वर्षं वाळलेल्या बाभळीचं मांडीएवढं खोड नऊला आत घातलं, खालचं झाकण बोटभर उघडं ठेवलं, तर पहाटे पाचला दार उघडल्यावर आत लालभडक! आणि पारा बहात्तरावर! मास्तर तसेच धोतर खोचून माळ तुडवत माझ्या घरी आले आणि दार वाजवून म्हणाले, "पंतोजी, जमलं की!" माझ्या बायकोनंही त्या दिवशी बंबाचा राग सोडला.

अव्वांना आणलं. पहिली रात्र बहात्तर, दुसरी चौऱ्याहत्तर, तिसरी त्र्याहत्तर. धूर नाही, डोकं दुखत नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी गेलो तर अव्वा बोचकं घेऊन दारात बसलेल्या. कपाळावर घामाचे थेंब. पदरानं वारा घेत होत्या.

"लई थंडी हाय," त्या म्हणाल्या.

मास्तर थर्मामीटर हातात धरून उभे होते. त्यांनी तो आईच्या डोळ्यांपुढं धरला, जिला तो दिसण्याची काडीचीही शक्यता नव्हती. "अव्वा, बहात्तर आहे. बहात्तर!"

"आसंल, यप्पा. मला वाजती."

मला हसू यायला हवं होतं, पण मास्तरांचा चेहरा बघून आलं नाही. ते शांतपणे आत गेले, टेबलाशी बसले आणि राजीनाम्याचा कागद लिहायला घेतला. पेन माझ्याकडं मागितलं. कागद लिहून झाला तो त्यांनी घडी घालून थर्मामीटरच्या खिशात ठेवला. आणि सवयीनं म्हणाले, "एक रात्र जाऊ द्या की. उद्या देतो." त्या दिवशी बाजार नव्हता, गावचं कुणी भेटणार नव्हतं. रविवार होता. अव्वांना आम्ही दोघंच पोचवायला निघालो.

आगगाडीनं अक्कलकोट रोड स्टेशनला उतरलो, पुढं बैलगाडी केली. गाव जवळ यायला लागलं तशा अव्वा सरसावून बसल्या. गाडी थांबली आणि जिला दोन हातांवरचं दिसत नाही ती म्हातारी कुणाचा हात न धरता उतरली आणि स्वतःच्या घराकडं न जाता तरातरा शेजारच्या घरात शिरली. पाणी नाही, बसणं नाही. आम्ही मागोमाग. आत शेजारीण, कल्लव्वा, भाकरी थापत होती. अव्वा चुलीच्या शेजारी बसल्या, तिथं एक गाडगं पुरलेलं होतं, त्यातल्या राखेवर त्यांनी हाताची मागची बाजू धरली. मग दोन बोटांनी राख बाजूला केली. आत सुपारीएवढा निखारा होता.

"हाय," त्या म्हणाल्या. आणि इतक्या मोकळेपणानं हसल्या की मी त्यांना तसं सोलापुरात एकदाही बघितलं नव्हतं. लगेच कल्लव्वावर उखडल्या. "एवढी राख घालत्यात व्हय? जीव गेला आस्ता की त्याचा!"

"चार दिवसांचं म्हणालीस, चार दिवस जपला," कल्लव्वा म्हणाली. "पाचव्या दिवसाचं मी बोलले न्हाई. मला माझी पोरं हायती."

हळूहळू सगळं बाहेर आलं. अव्वा नवरी होऊन त्या घरात आल्या तेव्हा सासूनं त्यांच्या हातात चुलीतला विस्तव दिला होता. सासूच्या सासूचा होता म्हणे. रात्री राखेत पुरायचा, पहाटे उकरून फुंकर घालायची, त्यावर गोवरी. अव्वांनी तो पन्नासांवर वर्षं विझू दिला नव्हता. नवरा गेला त्या रात्रीही नाही. खेड्यातल्या सगळ्याच बाया विस्तव राखतात, विझला तर शेजारून आणतात. अव्वांनी शेजाऱ्यांना दिला, आणला कधी नाही, आणि त्याचाच त्यांना अभिमान होता.

"मग मला सांगायचं की, अव्वा!" मास्तर म्हणाले.

"तू सायन्स शिकलेला. तुला काय सांगू, बेंकीसाठी घरला जाती म्हणून?" बेंकी म्हणजे कानडीत विस्तव. "हसला आस्तास. थंडी म्हनलं की तू ऐकतोस. वहीत लिवतोस."

मास्तर चुलीपुढं उकिडवे बसले. तीन महिने त्यांनी थंडी मोजली होती आणि थंडी त्यात कुठंच नव्हती. त्यांनी खिशातून थर्मामीटर काढला, त्या गाडग्याकडं बघितलं, तो तसाच परत ठेवला. मग म्हणाले, "अव्वा, हा घेऊन येशील?"

"आगगाडीत विस्तव घेत्यात व्हय?"

घेत नाहीत, हे स्टेशनवर गार्डानं आम्हाला स्पष्ट सांगितलं. मास्तर म्हणाले, ही राख आहे. गार्डानं हात लावला आणि बोट चोखत आणखी स्पष्ट सांगितलं. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. अव्वा गाडगं पोटाशी धरून फलाटावर खाली बसल्या. त्या पाच मिनिटांत मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा रात्र न जाऊ देता निर्णय घेतला. आईचा हात धरला आणि पळत इंजिनाकडं गेले. मी मागं. फायरमन सोलापूरचाच, दस्तगीर नावाचा, त्याचा मुलगा मास्तरांच्या वर्गात होता.

"क्या है मास्टर? अंगार?" दस्तगीर खाली वाकून म्हणाला. "लाव इधर. इत्ती बड़ी भट्टी जल रई है, उसमें तुमारा एक अंगार हमना भारी नै होता." आणि हात पुढं केला. ड्रायव्हरनं दुसरीकडं बघितलं.

अव्वांनी गाडगं वर दिलं आणि बजावलं, "तुमच्यात मिसळू नगा हं, बाबा. आमचा येगळा ठेवा."

अशी अव्वांची सोलापूरची सवारी निघाली. त्या थर्ड क्लासात आणि विस्तव इंजिनात. मास्तर प्रत्येक स्टेशनला उतरून पुढं पळत आणि परत येऊन सांगत, "आहे की." होटगीला तर शिट्टी झाल्यावर पळत आले आणि आम्ही त्यांना कोटाला धरून आत ओढलं. त्या ओढाताणीत राजीनाम्याचा कागद फलाटावर पडला. उचलायला कुणी उतरलं नाही.

केबिनमध्ये आल्यावर त्या धाकट्या शेगडीचा ताबा अव्वांनी घेतला. आतून मातीनं लिंपली, तळाला वीतभर राखेची गादी केली, तीत निखारा ठेवला, त्यावर बाभळीचं खोड, आणि खोडावर पुन्हा राख. मास्तर कळवळले. "अव्वा, हवा पाहिजे त्याला! विझेल!"

"तू नीज," अव्वा म्हणाल्या.

सकाळी सूर्य वर आला तरी आत लाल होतं. निम्मं लाकूड शिल्लक होतं आणि पारा सदुसष्टावर. सोमवारी मास्तर आठवीच्या वर्गावर गेले आणि म्हणाले, "राखेनं विस्तव विझतो असं मी तुम्हाला शिकवलं होतं. ते अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं माझ्या आईला माहीत होतं." ती वही त्यांनी मुलांना वाचून दाखवली, 'माणसं मरतात' यासकट.

अव्वा पाच वर्षं राहिल्या. उन्हाळ्यातही विस्तव होताच. भर वैशाखात, माळावर धग उठत असताना, तो गाडग्यात केबिनच्या मागं सावलीत पुरलेला असे आणि मास्तर शाळेतून आले की घाम पुसत आधी तो बघत. माळावर नवीन बिऱ्हाडं आली तशा बायका सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन अव्वांकडं विस्तव मागायला यायच्या. माझ्या बायकोनंही आणला. भाकरी मात्र तिची शेवटपर्यंत मऊच राहिली, असं अव्वांचं मत होतं.

मला दुसऱ्या गावी हेडमास्तरची जागा मिळाली तेव्हा अव्वांना जाऊन दोन वर्षं झाली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी निरोप घ्यायला माळावर गेलो. केबिन तीच. उलट्या फळीवरचा बाण तसाच जमिनीकडं. मास्तर शेगडीपुढं उकिडवे बसले होते, कोट खुंटीला आणि थर्मामीटर कोटात. माझ्याकडं न बघताच "या पंतोजी" म्हणाले. बाभळीचं खोड आत सरकवलं, हातानं राख ओढून वर पसरली आणि अव्वा धरायच्या तशी हाताची मागची बाजू राखेवर धरून बसले.

माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "मास्तर, आता हा कुणासाठी?"

"तेच की," ते म्हणाले. "अव्वा गेली त्या दिवशी सगळे म्हणाले, आता विझू द्या. मलाही पटलं. मोजून बघितलं तर मला एकट्याला याची गरज नाही. घोंगडी पुरते." हात तसाच राखेवर होता. "पण म्हटलं, घाई नको. एक रात्र जाऊ द्या की."

"मग? काय ठरलं?"

मास्तरांनी शेगडीचं झाकण बोटभर उघडं ठेवून लावलं आणि माझ्याकडं बघून हसले.

"अजून नाही ठरलं," म्हणाले. "बघू या. आजची एक रात्र जाऊ द्या की."